चॉकलेटच्या चांदीचा मासा

आमच्या रूममध्ये टेबलावर एक लाकडी मासा आहे. बोटाएवढा लांब. पाठ काळी, पोट रुपेरी, तोंडाखाली जिभेसारखी पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी आणि पोटाला तीन-तीन टोकांचे गळ. माझ्या रूम पार्टनरचा भाऊ दक्षिण आफ्रिकेत नोकरीला आहे. तिकडे सुट्टीच्या दिवशी लोक धरणांवर बास नावाचा मासा धरायला जातात. बास मूळचा अमेरिकेतला, १९२८ मध्ये तिकडच्या पाण्यात आणून सोडलेला. त्याच्यासाठी गांडूळच हवं असं नाही. असा खोटा मासा लांब फेकायचा आणि दोरा गुंडाळत ओढून आणायचा. दिवाळीत भाऊ आला तेव्हा हा मासा आमच्याकडे ठेवून गेला.

माझं गाव उजनीच्या बॅकवॉटरला लागून. आमचा मामा मरळ धरतो तेव्हा गळाला जिवंत बेडूक लावतो. त्यामुळे लाकडाच्या तुकड्याला मासा फसतो हे काही मला पटेना. डबीवर नाव होतं रापाला आणि देश फिनलंड. त्या रात्री सबमिशन सोडून मी या रापालाच्या मागे लागलो. मित्रांनो, तीच हकीकत सांगतो.

लौरी रापाला १९०५ साली फिनलंडमध्ये जन्मला. घरची गरिबी. आडनावाची गोष्ट तर मजेशीर आहे. तो लहान असताना आई त्याला घेऊन आसिक्काला या भागात राहायला आली. तिथल्या पाद्रीबुवांना नोंद करताना तिचं आडनाव आठवेना, म्हणून त्यांनी ज्या गावाहून ती आली त्या गावाचंच नाव लिहून टाकलं, असं सांगतात. त्या नावाचा अर्थ चिखल! पुढे हेच नाव जगभरच्या दुकानांत झळकणार होतं.

१९२८ मध्ये लौरीचं एल्माशी लग्न झालं. पोरंबाळं झाली, खाणारी तोंडं वाढली. हिवाळ्यात जंगलात लाकूडतोड करायची आणि उन्हाळ्यात पायान्ने नावाच्या प्रचंड तलावात मासेमारी, असं त्याचं वर्ष जायचं. लांबच लांब दोरीला शेकडो गळ बांधलेले, आणि प्रत्येक गळाला एक छोटा मासा आमिष म्हणून लावायचा. आता हिशोब करा. आधी शेकडो छोटे मासे धरायचे, मग ते एकेक करून गळाला टोचायचे, मग होडी वल्हवत दोरी सोडायची, आणि नंतर कुठे मोठा मासा! अर्धा दिवस आमिषातच जायचा.

पण वल्हं मारताना हा माणूस पाण्यात बघत बसायचा. छोट्या माशांच्या थव्यावर मोठा पाईक किंवा ट्राऊट तुटून पडताना त्याने कितीतरी वेळा पाहिलं. आणि त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. मोठा मासा सरसकट कुणावरही झडप घालत नाही. थव्यात एखादा जखमी किंवा अशक्त मासा जरा डुगडुगत, तोल गेल्यासारखा पोहत असतो. नेमका तोच तो उचलतो. म्हणजे दिसण्यापेक्षा चाल महत्त्वाची. तशी चाल असलेला मासा हाताने बनवला, तर आमिष पुन्हा पुन्हा लावायची कटकटच संपेल!

१९३६ साली त्याने बुचाचा तुकडा घेतला, सुरीने कोरला, सँडपेपरने घासला. चकाकीसाठी वर चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी गुंडाळली. वॉर्निशला पैसे कुठले? फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्याचाच थर वरून दिला. मग पाण्यात सोडून ओढून पाहिला. चाल जमेना की परत कोरायचा, परत ओढायचा. पुढे युद्धाच्या काळात बूच मिळेनासं झालं तेव्हा त्याने पाईनच्या झाडाची साल वापरली, आणि नंतर हलकं बाल्सा लाकूड आलं. या खोट्या माशावर त्याने एका दिवसात पावणेतीनशे किलोपर्यंत मासे धरल्याचं तिकडे सांगतात. आकडा थोडा वाढवलेला असेलही, मासे धरणारी माणसं सगळीकडे सारखीच!

आता मेकॅनिकलवाल्यांसाठी थोडं. दोरा ओढला की पाणी त्या तिरप्या जिभेवर आदळतं आणि मासा नाक खाली घालतो. पाणी जिभेच्या एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून निसटतं, त्यामुळे अंग दोन्ही बाजूंना डोलतं. लाकूड हलकं असल्यामुळे जराशा धक्क्यालाही ते हलतं. गळांचं वजन खाली असल्याने मासा उलटत मात्र नाही. पुढच्या तारेची कडी केसभर वाकडी झाली तरी मासा एका बाजूला पळतो, मग पकडीने ती सरळ करायची. फ्लुइडच्या प्रॅक्टिकलला आपण उरकतो ते सगळं त्या बोटभर लाकडात आहे. आणि बनवणारा कॉलेजात पाऊलही न टाकलेला माणूस.

१९५२ मध्ये हेलसिंकीला ऑलिम्पिक झालं, तेव्हा हे मासे परदेशी पाहुण्यांबरोबर बाहेर गेले. १९५९ च्या सुमारास अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या रॉन वेबरच्या हाती ते लागले, आणि त्याने रे ऑस्ट्रॉमबरोबर तिकडे विक्री सुरू केली. १९६२ च्या ऑगस्टमध्ये लाईफ मासिकात लौरीच्या माशावर लेख आला. त्याच अंकाच्या मुखपृष्ठावर नुकतीच वारलेली मेरिलिन मन्रो होती, त्यामुळे अंक प्रचंड खपला. ऑर्डरींचा असा पाऊस पडला की लौरी आणि त्याच्या मुलांना पुरं पडेना. कारखाना वाढला, यंत्रं आली. पण प्रत्येक मासा टाकीत ओढून पाहिल्याशिवाय पॅक करायचा नाही, ही घरची पद्धत कारखान्यातही राहिली. १९७४ मध्ये लौरी वारला.

इथे मी वाचायचं थांबलो, कारण मला आमची बोट आठवली. गेल्या सेमला आम्ही चौघांनी नदीतली जलपर्णी गोळा करणाऱ्या बोटीचं मॉडेल केलं होतं. ड्रॉइंग झकास, रिपोर्टला स्पायरल बाइंडिंग. आकडेमोड मात्र मागच्या बॅचच्या रिपोर्टमधून उचललेली. पाण्यात टाकायला वेळच मिळाला नाही. खरं म्हणजे आम्ही घाबरलो होतो. डेमोला एक्स्टर्नल सरांसमोर टबात सोडली आणि ती शांतपणे उलटी झाली. बॅटरी वर बसवली होती ना! सर काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संक्रांतीला घरी गेलो तेव्हा हा मासा खिशात होता. मामाला दाखवला. आधी तो हसला. मग गुरांच्या हौदात दोऱ्याने ओढून पाहिला. मग परत ओढला. मग हसणं थांबलं आणि चहा गार होईपर्यंत तो ओढतच बसला. निघताना म्हणाला, हा राहू दे इथंच. मी दिला नाही, म्हटलं तुला कोरून देतो. आता शब्द दिलाय, म्हणजे सुट्टीत बसावं लागणार.

बोटीचं म्हणाल तर यंदा तोच प्रोजेक्ट परत घेतलाय. बॅटरी तळाला नेली, तरी डावीकडे कलते. वजन सरकवायचं, परत सोडायची, असं चाललंय. कालपर्यंत अकरा वेळा झालं. अंघोळीच्या हौदात रात्री अकरानंतर कोण असतं, याची चौकशी रेक्टर सर करत होते असं कळलं. सर, आम्हीच होतो. डेमो होईपर्यंत तेवढं सांभाळून घ्या.

(अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)