डॉ. बँटिंग यांचे ऋण

१४ नोव्हेंबर म्हटले की आपल्याला पंडित नेहरू आणि बालदिन आठवतो. याच तारखेला, १८९१ साली, दूर कॅनडा देशात एका शेतकऱ्याच्या घरी आणखी एक मुलगा जन्मला. त्याच्या पुण्याईने आज माझ्या सासूबाई माझ्या घरात हिंडत-फिरत आहेत. म्हणून स्मरणिकेसाठी काही लिहा असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मला दुसरा विषय सुचलाच नाही.

फ्रेडरिक बँटिंग हे त्यांचे नाव. ॲलिस्टन गावाजवळ त्यांचे शेत होते. पाच भावंडांत हे सर्वांत धाकटे. शाळेत फार हुशार म्हणून त्यांची ख्याती नव्हती. टोरोंटोच्या विद्यापीठात पहिल्याच वर्षी नापास झाले आणि मग १९१२ साली वैद्यकीकडे वळले. पहिले महायुद्ध चालू असताना डॉक्टर होऊन ते रणांगणावर गेले. १९१८ साली फ्रान्समध्ये त्यांच्या हाताला जखम झाली, तरी कित्येक तास ते इतर जखमी शिपायांची शुश्रूषा करीत राहिले. त्याबद्दल त्यांना शौर्यपदक मिळाले.

परत आल्यावर १९२० साली त्यांनी कॅनडातल्याच लंडन नावाच्या शहरात दवाखाना थाटला, पण रोगी फिरकेनात. पहिल्या महिन्याची कमाई अवघी चार डॉलर! पोटासाठी त्यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्याचे काम धरले. ३१ ऑक्टोबरच्या रात्री पाठाची तयारी करताना त्यांनी स्वादुपिंडाविषयी एक लेख वाचला. झोप लागेना. अपरात्री उठून त्यांनी मनात आलेली कल्पना टिपून ठेवली.

स्वादुपिंड म्हणजे जठराच्या मागे असलेले लहानसे इंद्रिय. त्यातून पाझरणारे इन्सुलिन नसेल तर अन्नातली साखर रक्तातच राहते, शरीराला मिळत नाही. कोठी भरलेली असावी आणि किल्ली हरवावी, तशी गत. मग तहान भागत नाही, लघवीला वारंवार जावे लागते, खाऊनही माणूस खंगत जातो. आपल्या सुश्रुतसंहितेत मधुमेहाचे वर्णन आहे, म्हणजे रोग आपल्याला फार जुना ठाऊक. इलाज मात्र नव्हता. बँटिंग यांच्या काळी अशा लहान मुलांना जवळजवळ उपाशी ठेवीत, म्हणजे थोडे महिने अधिक जगतील. आई असून लेकराच्या हातातला घास काढून घ्यायचा, हे त्या माउल्यांनी कसे सोसले असेल!

१९२१ च्या उन्हाळ्यात टोरोंटोचे प्राध्यापक मॅक्लाउड यांनी, मनात शंका असूनही, बँटिंगना प्रयोगशाळेत जागा, काही कुत्री आणि चार्ल्स बेस्ट नावाचा तरुण विद्यार्थी मदतीला दिला. उकाड्यात दोघे राबले. प्रयोग फसत, पुन्हा करीत. अखेर स्वादुपिंडाच्या अर्काने मधुमेही कुत्र्याची साखर उतरली. पुढे कॉलिप नावाचे शास्त्रज्ञ येऊन मिळाले. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरोंटोच्या इस्पितळात लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले. पोराचे वजन तीस किलोच्या आसपास होते. अर्क अशुद्ध होता. गुण फारसा आला नाही, उलट टोचल्या जागी गळू धरले. कॉलिप यांनी अर्क अधिक शुद्ध केला आणि २३ तारखेपासून पुन्हा सुरू केला. मुलाला हुशारी आली. पुढे तो तेरा वर्षे जगला.

आता मला जे मुख्य सांगायचे ते सांगते. कॉलिप औषधाची परीक्षा सशांवर करीत. मात्रा जास्त झाली की सशांची साखर फार खाली जाई, त्यांना झटके येत आणि ते निपचित पडत. ग्लुकोज दिले की पुन्हा उठून बसत. म्हणजे इन्सुलिन सापडले त्याच सुमारास त्याचा धोकाही कळला आणि धोक्यावरचा उताराही. तो उतारा म्हणजे साखर!

हे मला वेळेवर ठाऊक असते तर बरे झाले असते. सासूबाईंना रोज सकाळी इन्सुलिन मीच टोचते. दोन वर्षांपूर्वी आषाढी एकादशीला नेहमीची पूर्ण मात्रा मी टोचली. त्यांनी मात्र बिनसाखरेचा अर्धा कप चहा घेतला आणि देवळातून आल्यावर फराळ करीन म्हणाल्या. अकराच्या सुमारास त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. मला वाटले, उपवासाने पित्त झाले. कोणी सुचवले, साखर वाढली असेल, गोडाचा कण देऊ नका. मीही दिला नाही! शेजारची नर्स झालेली मुलगी धावत आली, तिने बोटाचे रक्त तपासले आणि तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांत सासूबाईंनी मला नावाने हाक मारली. त्या पंधरा मिनिटांत माझे काय झाले, ते मीच जाणे. चूक औषधाची नव्हती, देवाचीही नव्हती. माझी होती.

भगिनींनो, घाम, थरथर, एकाएकी भूक, धडधड, चिडचिड, गोंधळल्यासारखे बोलणे ही साखर उतरल्याची लक्षणे होत. मधुमेहाच्या काही गोळ्यांनीही असे होते. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि बरे वाटल्यावर काही खायला द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, ताबडतोब इस्पितळात न्यावे. उपास करायचा तर मात्रेविषयी डॉक्टरांना आधी विचारावे. आपल्या मनाने औषध बंद करणे हाही उपाय नव्हे.

बँटिंग यांच्या मनाचा मोठेपणाही सांगण्यासारखा आहे. १९२३ साली त्यांनी, बेस्ट आणि कॉलिप यांनी या औषधाचे हक्क प्रत्येकी एका डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकले. त्याच वर्षी बँटिंग व मॅक्लाउड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बेस्टला डावलल्याचे बँटिंगना इतके लागले, की आपल्या रकमेतला अर्धा वाटा त्यांनी त्याला दिला. मॅक्लाउड यांनीही आपला अर्धा वाटा कॉलिपना दिला. पुढे बँटिंगना सर ही पदवी मिळाली. फावल्या वेळात ते निसर्गचित्रे रंगवीत. दुसऱ्या महायुद्धात लष्करी कामासाठी इंग्लंडला निघाले असता न्यूफाउंडलंड येथे त्यांचे विमान कोसळले आणि २१ फेब्रुवारी १९४१ रोजी ते गेले. वय अवघे एकोणपन्नास.

त्यांच्या जन्मदिवशी आता जगभर मधुमेह दिन पाळतात. इन्सुलिनने रोग मुळापासून जात नाही, पण माणूस जगतो, आणि रोज जगवण्याचे काम बहुतेक घरांत बाईच्याच हातात असते. आमच्या देवघरातल्या फळीवर तेव्हापासून साखरेची एक लहान डबी वेगळी ठेवली आहे. घरातल्या धाकट्या नातवालाही ती कशासाठी, हे ठाऊक आहे. ज्यांच्या घरी मधुमेह आहे त्या प्रत्येक भगिनीने अशी डबी ठेवावी, एवढेच माझे मागणे आहे.