शाळेच्या बोर्डावरच्या बेझंटबाई



अ‍ॅनी बेझंट हे नाव आपल्या मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकात असते. होमरूल चळवळ आणि १९१७ च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद, एवढ्यात बाई संपतात. पण त्याच्या तीस वर्षे आधी याच बाई लंडनमध्ये गरिबांच्या शाळांसाठी निवडणुकीला उभ्या राहिल्या, निवडून आल्या आणि तीन वर्षे झटल्या. नंतर याच बाईंनी आपल्या समाजाच्या मुलांविषयी काय लिहिले, तेही फारसे कोणी सांगत नाही. आपल्याला दोन्ही गोष्टी माहीत पाहिजेत, म्हणून हा लेख.

अ‍ॅनीचा जन्म १ ऑक्टोबर १८४७ रोजी लंडनमध्ये झाला. घराणे मूळचे आयरिश. ती पाच वर्षांची असताना वडील वारले. आईने शाळेच्या मुलांची खाणावळ व राहण्याची सोय चालवून संसार ओढला. १८६७ साली फ्रँक बेझंट या पाद्र्याशी लग्न झाले. मुलगा झाला, मुलगी झाली, पण बाईंचा धर्मावरचा विश्वास उडाला. नवरा पाद्री आणि बायको चर्चला प्रश्न विचारणार, हे कसे जमायचे? १८७३ साली दोघे वेगळे झाले. पुढे चार्ल्स ब्रॅडलॉ या निरीश्वरवादी पुढाऱ्याबरोबर त्यांनी काम केले. १८७७ साली दोघांनी संततिनियमनाचे पुस्तक छापले म्हणून खटला झाला. शिक्षा अपिलात रद्द झाली, पण १८७८ साली कोर्टाने बाईंची मुलगी त्यांच्यापासून काढून घेतली. विचारासाठी पोटचे लेकरू गमावावे लागलेली ही बाई होती.

आता आपल्या कष्टकऱ्यांना जवळची गोष्ट. लंडनच्या पूर्व भागात, बो या वस्तीत, ब्रायंट अँड मे कंपनीचा काडेपेटीचा कारखाना होता. तिथे पोरीबाळी काम करायच्या. बोललात तर दंड, काड्या खाली पडल्या तर दंड, पाय मळके असले तरी दंड. वर फॉस्फरसच्या विषाने जबड्याचे हाड सडायचे. पगारातून दंड कापला की कामगाराला कसे वाटते, हे ज्यांनी साच्यावर पाळ्या केल्या त्यांना वेगळे सांगायला नको. जून १८८८ मध्ये बेझंटबाईंनी हे सगळे आपल्या पत्रात छापले. मालकाने पोरींना सांगितले, हे खोटे आहे असे लिहून सही करा. पोरींनी सही केली नाही. जुलैत सुमारे चौदाशे जणी बाहेर पडल्या. संप बाईंनी पुकारला नव्हता, पोरींनी स्वतः केला. पण पैसा, सभा, पार्लमेंटात दाद मागणे यासाठी बाई उभ्या राहिल्या. दोन-अडीच आठवड्यांत मालक नमला, दंड रद्द झाले, पोरींची युनियन झाली आणि बाई तिच्या सेक्रेटरी झाल्या.

त्याच साली नोव्हेंबरात लंडन स्कूल बोर्डाची निवडणूक होती. हे बोर्ड म्हणजे काय ते समजून घेऊ. इंग्लंडमध्ये १८७० साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. जिथे शाळा पुरेशा नाहीत तिथे लोकांनी बोर्ड निवडायचे, बोर्डाने स्थानिक करातून शाळा बांधायच्या, मास्तर नेमायचे. निवडणूक दर तीन वर्षांनी. पार्लमेंटसाठी बाईला मत १९१८ पर्यंत नव्हते, पण स्कूल बोर्डासाठी कर भरणाऱ्या बाईला मत होते आणि बाई उभीसुद्धा राहू शकत होती. लंडनच्या पहिल्याच बोर्डावर १८७० साली एलिझाबेथ गॅरेट आणि एमिली डेव्हिस या दोन स्त्रिया निवडून गेल्या होत्या.

मतदानाची रीतही ध्यानात घेण्यासारखी होती. विभागात जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदाराला, आणि ती सगळी त्याने एकालाच दिली तरी चालत. त्यामुळे लहान गटालाही आपला माणूस पाठवता येई. हीच रीत १९३७ च्या निवडणुकीत मुंबई इलाख्यातील राखीव जागांच्या मतदारसंघांत होती, आणि बाबासाहेबांचा तिलाच पाठिंबा होता.

बेझंटबाई टॉवर हॅम्लेट्स विभागातून उभ्या राहिल्या. गोदीतले हमाल, शिंपीकाम करणारे, काडेपेटीवाल्या यांची ती वस्ती. यातल्या बहुतेक पोरींना स्वतःला मत नव्हते. पण मोहल्ल्यात संपाची आठवण ताजी होती. विरोधकांनी बाईंचा निरीश्वरवाद काढला, जुना खटला काढला. बाई मात्र एकच बोलत राहिल्या, की उपाशी पोराला अक्षर शिकवता येत नाही. पंधरा हजारांहून जास्त मते घेऊन त्या विभागात पहिल्या आल्या.

बोर्डात त्यांच्या बाजूचे सभासद थोडेच होते. तरी तीन वर्षांत काय झाले ते बघा. पहिले, १८८९ साली बोर्डाने ठरवले की आमचे काम घेणाऱ्या कंत्राटदाराने युनियनच्या दराने मजुरी दिली पाहिजे. यात बाईंबरोबर स्टुअर्ट हेडलॅम नावाचे पाद्री सभासद होते. शाळा बांधणारा गवंडी उपाशी राहू नये, हाही शाळेचाच प्रश्न आहे, हे त्यांनी ओळखले. दुसरे, उपाशी मुलांचे जेवण. त्याच साली बोर्डाने उपाशीपोटी शाळेत येणाऱ्या मुलांची चौकशी केली आणि जेवण देणाऱ्या मंडळ्यांना एकत्र आणणारी संस्था उभी राहिली. तिसरे, फी. शाळा सक्तीची, पण आठवड्याला काही पेनी फी भरायची. चार पोरे असलेल्या हमालाने ती कुठून आणायची? मोफत शिक्षणाची मागणी बाईंनी बोर्डात लावून धरली. १८९१ च्या कायद्याने बहुतेक शाळांतली फी गेली. कराच्या पैशातून मुलांना जेवण देण्याचा कायदा १९०६ साली आणि शाळेत डॉक्टरी तपासणीचा १९०७ साली झाला. तोवर बाई बोर्डावर नव्हत्या, पण मागणी त्यांनी पुढे नेली होती. आपल्याकडे १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर कमिशनपुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा म्हणून सांगितले होते, ते इंग्रज सरकारने कानाआड केले, हेही आठवावे.

१८८९ पासून बाई थिऑसॉफीकडे वळल्या. १८९१ साली पुन्हा बोर्डासाठी उभ्या राहिल्या नाहीत. १८९३ साली हिंदुस्थानात आल्या. १८९८ साली बनारसला सेंट्रल हिंदू कॉलेज काढले. थिऑसॉफिकल सोसायटीचे पहिले अध्यक्ष कर्नल ऑल्कॉट यांनी १८८० साली सिलोनमध्ये पंचशील घेतले होते आणि १८९४ पासून मद्रासला अस्पृश्य मुलांसाठी मोफत शाळा काढल्या होत्या. १९०७ साली ऑल्कॉट वारले आणि बाई त्यांच्या जागी अध्यक्ष झाल्या.

आणि १९०९ साली बाईंनी एका मासिकात लेख लिहिला. अस्पृश्यांची मुले वरच्या जातीच्या मुलांशेजारी वर्गात बसवू नयेत, त्यांची शरीरे पिढ्यान्‌पिढ्यांच्या खाण्यापिण्याने अशुद्ध आहेत, आधी त्यांना वेगळे ठेवून स्वच्छता शिकवावी, असा त्याचा अर्थ. लंडनच्या मळक्या पायांच्या पोरींसाठी लढलेली तीच बाई! तिथे मालक मळक्या पायांना दंड करी म्हणून तिला संताप आला होता. इथे तिने तोच मळ आमच्या अंगाला जन्माने चिकटवला. त्या वर्षी परळच्या चाळीत राहणारे भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होते. उत्तर वेगळे काय द्यायचे?

१९१७ साली बाईंच्या अध्यक्षतेखाली कलकत्त्याच्या काँग्रेसने अस्पृश्यांवरील अन्याय दूर करण्याचा ठराव केला. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात त्या ठरावाची झाडाझडती घेताना बाईंचा तो लेख लोकांपुढे ठेवला. २० सप्टेंबर १९३३ रोजी अड्यार येथे बाई वारल्या.

मग या बाईंना मोठे म्हणायचे की नाही? माझे मत असे, की टॉवर हॅम्लेट्सचे काम मोठेच होते, ते नाकारू नये. पण तिथे मागे संप केलेल्या पोरी होत्या, निवडून देणारी गरीब वस्ती होती, तिला जाब द्यावा लागे. इथे आपले मत घेऊन त्या कुठे गेल्या नव्हत्या. आपल्या वस्तीने त्यांना विचारावे अशी जागाच नव्हती. दुसऱ्याची दया किती चांगली असली तरी ती कधी फिरेल याचा नेम नाही.

आज आपल्याला जागा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया आणि वंचित समाजाच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असतात. खिचडी कशी शिजते, मास्तर वेळेवर येतात का, पोरांना कुठे बसवतात, हे विचारायचा तिथे अधिकार आहे. पण सभेची नोटीस लागते तेव्हा आपण म्हणतो, आज कामावर जायचे आहे, खाडा कोण करणार. विहारात दर पौर्णिमेला येणाऱ्या आयाबहिणींपैकी दोघी-तिघींनी यंदा समितीसाठी नाव द्यावे. ज्यांची सुट्टी असेल त्यांनी त्यांच्याबरोबर सभेला जावे. तिथे आपले माणूस बसलेले असले म्हणजे आपल्या पोरांविषयी काहीबाही बोलायला समोरचा दहादा विचार करील.

जय भीम! नमो बुद्धाय!