कावसजीचें नाक

कावसजी हें नांव ऐकून पुष्कळांस तो पारशी वाटेल. परंतु त्या काळच्या वृत्तांतांत तो मराठा शेतकरी म्हणून नोंदला आहे. टिपू सुलतानाशीं झालेल्या युद्धांत तो इंग्रजांच्या फौजेचे बैल हांकीत असे. १७९२ सालीं तो टिपूच्या कैदेंत सांपडला. तेथें त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला, आणि अशा स्थितींत तो श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेस येऊन मिळाला. आपल्या भाषेंत नाक जाणें म्हणजे अब्रू जाणें. कावसजीनें तें दुःख एक वर्षाहून अधिक काळ चारचौघांत वागविलें.

पुणें आमच्या कुर्ल्याहून आगगाडीनें कांहीं तासांच्या वाटेवर आहे. त्याच पुण्याजवळ कुंभार जातीचा एक मनुष्य नाकें बसवीत असे. १७९३ च्या मार्चच्या सुमारास त्यानें कावसजीस नवें नाक दिलें. त्याची रीत अशी: मेणाचा पातळ पत्रा तुटक्या नाकावर बसवून आकार घ्यावयाचा, तो सपाट करून कपाळावर ठेवावयाचा, भोंवतीं रेघ ओढून तेवढें कातडें सोडवावयाचें, मात्र दोन डोळ्यांच्या मध्यें एक चिंचोळी पट्टी तशीच राखावयाची. मग कातडें पिळून खालीं वळवावयाचें व त्याच्या कडा जखमेंत खोंवावयाच्या. भिजविलेला कात लावलेल्या कापडी पट्ट्यांनीं सांधा धरला जाई. चार दिवसांनीं तुपाचीं फडकीं येत. बिचारा रोगी पांचसहा दिवस उताणा!

सारी करामत त्या चिंचोळ्या पट्टीची. नव्या जागीं रक्त खेळूं लागेपर्यंत कातड्यास तिच्यांतूनच रक्त मिळे. ती लवकर कापावी, तर कातडें काळें पडून गळावयाचें. आज शस्त्रवैद्य इंडोसायनीन ग्रीन नांवाचा रंग शिरेंत टोचतात. तो रक्ताबरोबर वाहतो, अवरक्त प्रकाशांत चमकतो, आणि विशेष कॅमेऱ्यास दिसतो. कातडें जेथें अंधारें राहिलें, तेथें रक्त नीट पोहोंचत नाहीं असें समजावें. कुंभारापाशीं असलें साधन नव्हतें. सुमारें पंचवीस दिवस धीर धरणें, एवढेंच त्याच्या हातीं होतें.

जानेवारी १७९४ मध्यें जेम्स वेल्स या चित्रकारानें कावसजीचें चित्र काढलें, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्यें तें वृत्तांतासह छापून आलें. पुढें जोसेफ कार्प्यू या इंग्रज शस्त्रवैद्यानें हीच रीत अभ्यासून १८१४ सालीं लंडनांत तशी शस्त्रक्रिया केली, व १८१६ सालीं तिजवर ग्रंथ लिहिला. कावसजीस कंपनी सरकारचें निवृत्तिवेतन मिळे. त्या कुंभाराचें नांव मात्र त्या वृत्तांतांत कोणीं लिहिलें नाहीं.