फ्लॉपचा बादशहा : स्टू उंगर

दरवर्षी या अंकात अब्दुल कलाम, विश्वेश्वरय्या, धीरूभाई अशांची चरित्रं येतात. छानच असतात. पण मी या वेळी एका जुगाऱ्याबद्दल लिहायचं ठरवलं आहे. संपादकांनी आधी भुवया उंचावल्या. मग मी त्यांना सांगितलं, की एम-थ्रीमधली प्रोबॅबिलिटी मला वर्गात जेवढी कळली त्यापेक्षा जास्त या माणसाचे दोन डाव समजून घेताना कळली. मग ते हो म्हणाले. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी थोडं धेडगुजरी आहे, तेवढं सांभाळून घ्या.)

स्टू उंगरचा जन्म ८ सप्टेंबर १९५३ चा, न्यूयॉर्क शहरातला. वडिलांचा बार होता, पण खरा धंदा बेटिंग घेण्याचा आणि व्याजाने पैसे देण्याचा. म्हणजे घरातच विद्यापीठ! मुलाने या वाटेला जाऊ नये असं वडिलांना वाटायचं म्हणे, पण मुलगा दहाव्या वर्षी जिन रमीची स्पर्धा जिंकून मोकळा झाला. जिन रमी म्हणजे आपल्या रमीचीच चुलत बहीण, दोघांत खेळायची, दहा-दहा पत्त्यांची. वडील तो लहान असतानाच हार्ट अटॅकने गेले, आई आजारी. स्टूने शाळा सोडली आणि पत्त्यांवर घर चालवायला लागला. व्हिक्टर रोमानो नावाच्या, अंडरवर्ल्डशी संबंध असलेल्या माणसाने त्याला आपल्या पंखाखाली घेतलं. तिथे संरक्षण मिळालं आणि पैसेवाले प्रतिस्पर्धीही मिळाले.

त्याची स्मरणशक्ती भयानक होती. समोरच्याने काय उचललं, काय टाकलं, कधी अडखळला, सगळं डोक्यात. थोड्याच वर्षांत अशी वेळ आली की जिन रमीत त्याच्यासमोर बसायलाच कोणी तयार होईना. आपल्या हॉस्टेलमध्येसुद्धा बदाम सातमध्ये सारखी जिंकणारी एखादी असते, तिला हळूहळू कोणी बोलवत नाही. तसंच, फक्त इथे हजारो डॉलर्सचा प्रश्न होता. १९७७ मध्ये तो लास वेगासला आला. तिथे बॉब स्टुपॅक नावाच्या कसिनोवाल्याने त्याच्याशी पैज लावली : सहा जोड एकत्र पिसायचे, त्यातले तीन जोड वाटून दाखवायचे आणि उरलेल्या तीन जोडांतले पत्ते स्टूने ओळखायचे. स्टू जिंकला, एक लाख डॉलर्स. यानंतर ब्लॅकजॅकच्या टेबलवर त्याला कोण बसू देणार? एकेका कसिनोने दार बंद केलं.

म्हणून पोकर. आता ज्यांना टेक्सास होल्डेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या तीन पत्तीत प्रत्येकाचे तीन पत्ते त्याचे त्याचे. होल्डेममध्ये प्रत्येकाला दोनच पत्ते झाकून मिळतात, त्यावर एकदा पैसे लागतात. मग टेबलाच्या मधोमध तीन पत्ते एकदम उघडे टाकतात, ते सगळ्यांचे सामायिक. याला म्हणतात फ्लॉप. मग पुन्हा पैसे. मग चौथा पत्ता, पुन्हा पैसे. पाचवा, पुन्हा पैसे. शेवटी सातांपैकी उत्तम पाच धरायचे.

आता गंमत बघा. फ्लॉप पडला की सातपैकी पाच पत्ते तुम्हाला दिसलेले असतात, म्हणजे ७१ टक्के माहिती हातात, पण पैसे लावण्याच्या चारपैकी तीन फेऱ्या अजून बाकी. आपल्या माळेगावच्या भागात आडसाली ऊस लावणाऱ्याला हे लगेच कळेल. लागण केली तेव्हा नुसता अंदाज होता. पावसाळा संपला, कालव्याच्या पाण्याचं चित्र दिसलं, उगवण दिसली, आता बरंच कळलंय. पण खत, खुरपणी, पाणी यांचा मोठा खर्च पुढेच आहे आणि दर काय निघेल ते अजून झाकलेलं. तिथे थांबायचं की आणखी घालायचं? फ्लॉपचा प्रश्न अगदी हाच.

आणि आकडा सांगते. हातात दोन वेगवेगळ्या नंबरांचे पत्ते असतील तर फ्लॉपवर त्यांतल्या निदान एकाची जोडी जमण्याची शक्यता साधारण ३२ टक्के. म्हणजे तीनपैकी दोन वेळा फ्लॉप तुमच्या काही कामाचा नसतो. बहुतेक लोक इथे हिरमुसतात आणि पत्ते टाकतात. स्टू उलटं बघायचा. मला काही लागलं नाही ना, मग समोरच्यालाही तीनपैकी दोन वेळा काही लागलेलं नसणार. जो आधी पैसे पुढे सरकवेल, त्याच्यासमोर दुसरा पळणार. म्हणून तो फ्लॉपवर सतत मारा करायचा आणि जे पॉट कोणालाच नको होते ते गोळा करायचा. अर्थात समोरचा कधी खरंच भक्कम आहे हे ओळखता आलं तरच हे जमतं, नाहीतर चार डावांत खिसा रिकामा.

१९८० साली तो वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत बसला. दहा हजार डॉलर्स प्रवेश फी, ७३ खेळाडू. नो-लिमिट होल्डेममध्ये तो तेव्हा नवखाच. शेवटी समोर उरला डॉयल ब्रन्सन, दोन वेळचा विजेता, पोकरवर जाडजूड पुस्तक लिहिलेला टेक्सासचा आडदांड माणूस. आणि इकडे हा किडकिडीत, शाळकरी दिसणारा पोरगा. हा खेळता खेळताच सुधारत जातोय असं ब्रन्सननेही नंतर सांगितलं.

शेवटचा डाव असा. स्टूकडे इस्पिकची पंजी आणि चव्वी. ब्रन्सनकडे एक्का आणि सत्ती. फ्लॉप आला : एक्का, सत्ती, दुर्री. ब्रन्सनच्या दोन जोड्या लागल्या! स्टूकडे काहीच नाही, फक्त एक आशा : तिर्री आली तर एक्का-दुर्री-तिर्री-चव्वी-पंजी असा सिक्वेन्स. ब्रन्सनने पैसे लावले.

इथे कॅल्क्युलेटर काढा. स्टूला न दिसलेले पत्ते ४७. त्यात तिर्र्या ४. पुढच्याच पत्त्यावर लागण्याची शक्यता ४ भागिले ४७, म्हणजे ८.५ टक्के. दोन्ही पत्ते बघायला मिळाले तर साधारण १६.५ टक्के. समजा पॉटमध्ये १०० रुपये आहेत आणि समोरच्याने ५० लावले. तुम्ही ५० घालून १५० मिळवायला बघताय. हे बरोबरीत सुटायला २५ टक्के शक्यता हवी. तुमच्याकडे साडेआठ. सरळ हिशोबाने पत्ते टाकून द्यावेत! पण दुसरा हिशोब असा, की तिर्री आलीच तर समोरच्याकडून पुढच्या फेऱ्यांत आणखी किती निघतील? आपल्या उदाहरणात साधारण ३९० रुपये निघायला हवेत, मग घातलेले ५० वसूल. आणि हे कधी निघतात? समोरच्याकडे काहीतरी चांगलं असेल तरच. कमकुवत असेल तर तिर्री बघून तो गप्प बसेल. म्हणजे ब्रन्सनकडे दोन जोड्या असणं हीच स्टूची कमाईची जागा होती, कारण दोन जोड्या कोणी सहजासहजी सोडत नाही.

स्टू थांबला नाही. चौथा पत्ता तिर्री. स्टूने पैसे लावले, ब्रन्सनने सगळे मध्ये सरकवले. पाचवा पत्ता दुर्री, त्याचा ब्रन्सनला उपयोग नाही. सव्वीस वर्षांचा मुलगा जगज्जेता झाला, तोपर्यंतचा सर्वांत लहान. लोक त्याला ‘द किड’ म्हणायला लागले. १९८१ मध्ये तो पुन्हा जिंकला.

माझा आवडता डाव मात्र वेगळाच आहे. समोर मन्सूर मतलूबी, १९९० चा विजेता. दोघेच खेळत होते. स्टूकडे दश्शी आणि नव्वी. फ्लॉप : सत्ती, तिर्री, तिर्री. स्टूने नेहमीप्रमाणे पैसे लावले, मतलूबीने बरोबरी केली. चौथा पत्ता राजा, दोघे गप्प. पाचवा राणी, आणि मतलूबीने उरलेलं सगळं लावलं. स्टूकडे जोडीसुद्धा नाही. हातात फक्त दश्शी! तो क्षणभर विचार करून समोरच्याला म्हणाला, की तुझ्याकडे चव्वी-पंजी किंवा पंजी-छक्की आहे, आणि बरोबरी केली. मतलूबीकडे चव्वी-पंजीच निघाली. दश्शीवर पॉट स्टूचा. फ्लॉपवर समोरचा का थांबला असेल हे त्याने तिथेच लक्षात ठेवलं होतं. साधी जोडी असती तर माणूस शेवटी स्वस्तात शो मागतो, सगळं लावत नाही. सगळं लावणारा एकतर फार मोठा असतो, नाहीतर साफ रिकामा. हे वाचताना सोपं वाटतं. हजारो डॉलर्स समोर असताना करून बघा.

आता दुसरी बाजू. पत्त्यांत एवढा हिशोबी माणूस पत्त्यांबाहेर शून्य. पोकरमध्ये मिळवलेलं घोड्यांच्या शर्यतीत, फुटबॉलच्या बेटिंगमध्ये, गोल्फच्या पैजांमध्ये जायचं. ऐंशीच्या दशकात कोकेन आलं. लग्न मोडलं. सावत्र मुलाने आत्महत्या केली. १९९० च्या मुख्य स्पर्धेत तिसऱ्या दिवशी तो खुर्चीवर आलाच नाही. हॉटेलच्या खोलीत बेशुद्ध सापडला. त्याच्या चिप्स इतक्या होत्या की रिकाम्या खुर्चीसमोरून प्रत्येक फेरीत थोड्या थोड्या कापल्या गेल्या, तरी तो नववा आला. न खेळता नववा! लोक हा किस्सा हसत सांगतात. मला हसू येत नाही.

१९९७. वय ४३, खिशात पैसे नाहीत, कोकेनने नाक खराब झालेलं, ते लपवायला निळा गोल चष्मा. बिली बॅक्स्टर नावाच्या मित्राने स्पर्धेच्या अगदी तोंडावर दहा हजार भरले. ३१२ खेळाडू. फायनल उघड्यावर, फ्रीमॉंट स्ट्रीटवर. खिशात मुलीचा फोटो. शेवटच्या डावात स्टूकडे एक्का-चव्वी, जॉन स्ट्रझेम्पकडे एक्का-अठ्ठी. फ्लॉप एक्का, पंजी, तिर्री. दोघांनाही एक्क्यांची जोडी, पण अठ्ठी वरचढ, म्हणजे स्टू मागे. सगळे पैसे मध्ये गेले. चौथा पत्ता तिर्री. पाचवा दुर्री! पुन्हा तोच एक्क्यापासूनचा सिक्वेन्स, सतरा वर्षांनी. दहा लाख डॉलर्स, आणि ठरल्याप्रमाणे निम्मे बॅक्स्टरचे.

उरलेले काही महिन्यांत संपले. १९९८ मध्ये बॅक्स्टर पुन्हा फी भरायला तयार होता, पण स्टू खोलीतून खालीच उतरला नाही.

आपल्याकडे हे सगळं फार लांबचं वाटतं. खरंतर पणजीला मांडवीतल्या कसिनोच्या बोटींवर होल्डेमची टेबलं असतात, आणि मोबाईलवर तर काल-परवापर्यंत गल्लीगल्लीत होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. आपल्या राज्यात जुगाराविरुद्धचा कायदा तर १८८७ पासूनचा आहे. त्याआधी दोन सेमिस्टर माझ्या एका मैत्रिणीच्या भावाची मेसची आणि फीची रक्कम कुठल्याशा ॲपवर जात होती. त्यालाही शक्यता तोंडपाठ होत्या. मी तेव्हाच स्टूबद्दल वाचायला लागले, हा एवढा हुशार माणूस तरी सुटला का ते बघायला.

२२ नोव्हेंबर १९९८ ला लास वेगासमधल्या ओअ‍ॅसिस नावाच्या स्वस्त मोटेलच्या खोलीत तो मृतावस्थेत सापडला. वय ४५. डॉक्टरांच्या मते वर्षानुवर्षांच्या ड्रग्जने हृदय निकामी झालं होतं. अंत्यसंस्कारांसाठी बॉब स्टुपॅकने लोकांकडून वर्गणी गोळा केली. हाच तो पैज हरलेला कसिनोवाला. २००१ मध्ये पोकर हॉल ऑफ फेममध्ये स्टूचं नाव घेतलं गेलं.