चिखलात जग पाहणारे विनोग्राद्स्की



लाल मातीच्या भागात ओहोळाच्या कडेला तांबूस, बुळबुळीत गाळ साचतो. वर तेलासारखी चकाकणारी साय असते. आपल्याला वाटतं, कोणीतरी तेल सांडलं! पण काडीने ढोसून बघा. तेल असेल तर परत एकत्र येतं. ही साय मात्र पापडासारखी तुटते. ते तेल नसून लोह असतं, आणि त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचा हात असतो. अशा जिवांचा अभ्यास करणाऱ्या थोर शास्त्रज्ञाची ही ओळख.

सर्गेई विनोग्राद्स्की यांचा जन्म १ सप्टेंबर १८५६ रोजी कीव शहरी झाला. हे शहर आज युक्रेन देशात आहे. तेव्हा तिथे रशियाच्या झारचे राज्य होते. घरची सुबत्ता होती. ते सेंट पीटर्सबर्ग येथे पियानो शिकायला गेले, पण मन रमेना. मग विज्ञानाकडे वळले व १८८१ साली पदवीधर झाले.

१८८५ साली ते स्ट्रासबर्गला आंतोन डी बारी यांच्या प्रयोगशाळेत गेले. त्या काळी बरेच शास्त्रज्ञ रोगजंतूंच्या मागे लागले होते. विनोग्राद्स्की मात्र चिखलात डोकावत होते. काही जंतू गंधकावर जगतात हे त्यांनी १८८७ साली दाखवले. पुढच्याच वर्षी त्यांनी मांडले की, काही जंतू पाण्यात विरघळलेल्या लोहाचा गंज करतात आणि त्यातून मिळणाऱ्या शक्तीवर जगतात. त्यांनी पाहिलेल्या जातीविषयी पुढे वाद झाला, पण लोहावर जगणारे जीव असतात हे खरे ठरले. १८९० च्या सुमारास झुरिक येथे त्यांनी जमिनीतील अमोनियापासून नायट्रेट बनवणारे जंतू शोधले. पिकाला लागणारे अन्न असे जमिनीतच तयार होते, बरं का!

त्यांची एक युक्ती आजही शाळांतून करतात. काचेच्या उंच भांड्यात चिखल, कागदाचे कपटे, अंड्याचा बलक, खडूची पूड आणि पाणी घालायचे व खिडकीत उजेडाला ठेवायचे. काही आठवड्यांत थर दिसू लागतात. तळाशी काळा थर येतो. तो लोह व गंधक यांच्या संयोगाने होतो. मध्ये जांभळे, हिरवे जंतू येतात. सगळ्यांत वर नील-हरित शेवाळ धरते.

या शेवाळाची मोठी गंमत आहे. त्याला लोह लागते, पण जास्त झाले तर तेच विष. पाणी तुंबलेल्या लाल जमिनीत लोह फार विरघळते. मग ते तगते कसे? उन्हात ते प्राणवायू सोडते, त्यामुळे विरघळलेल्या लोहाचा पेशीबाहेरच गंज होतो. अंगावरचा चिकट थरही बरेच लोह बाहेर अडवतो. जे आत शिरते ते पेशी खास प्रथिनांत साठवून ठेवते, जशी आई कणगीत धान्य ठेवते.

पुढे विनोग्राद्स्कींवर वाईट दिवस आले. १९०५ साली प्रकृतीमुळे काम सोडून ते आपल्या शेतावर राहायला गेले होते. १९१७ साली क्रांती झाली. घरदार, शेतीवाडी सारे गेले आणि देश सोडावा लागला. वय साठीच्या पुढे. १९२१ साली बेलग्रेडला ते शिकवू लागले. १९२२ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेने त्यांना बोलावले. पॅरिसजवळच्या ब्री-कोंत-रोबेर गावी त्यांनी पुन्हा मातीत हात घातला. मातीतील जंतूंवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९४९ साली निघाला, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. फेब्रुवारी १९५३ मध्ये ते वारले.

ज्या चिखलाला आपण नाक मुरडतो, त्यात त्यांनी आयुष्यभर नवे जग पाहिले. सारे गमावल्यावरही ते हात जोडून बसले नाहीत. ते इवलेसे शेवाळ विषारी मातीत तग धरते, तसेच ते परक्या देशात तगले.

आमच्या वर्गानेही बाटली भरून खिडकीत ठेवली आहे. पालकांनी जरूर बघावी, पण बूच उघडू नये. वास फार येतो!