मिरजेला 'वैद्यकीय पंढरी' करणारा डॉक्टर : विल्यम वॉन्लेस

सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडी लागते. नाव थोडं वेगळंच वाटतं ना? हे नाव आलंय एका परदेशी डॉक्टरवरून. मिरजेत आज गल्लोगल्ली दवाखाने दिसतात आणि उत्तर कर्नाटकापासून कोकणापर्यंतचे पेशंट इथे येतात. त्याची सुरुवातही या डॉक्टरपासूनच होते.

विल्यम जेम्स वॉन्लेस यांचा जन्म 1865 चा, कॅनडातल्या ओंटारिओचा. न्यूयॉर्कमध्ये डॉक्टरकी शिकून 1889 मध्ये ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारतात आले. सोबत पत्नी मेरी होत्या, त्या स्वतः नर्स. सुरुवात सांगलीत झाली, मग मुक्काम मिरजेत हलला. 1894 मध्ये तिथे हॉस्पिटल उभं राहिलं. लोक त्याला साधं 'मिशन हॉस्पिटल' म्हणायचे.

वॉन्लेस मिशनरी होते, धर्मप्रचार हा मिशनचा उघड उद्देश होता. त्यामुळे गोरा साहेब, परका धर्म आणि हातात चाकू, असं सगळं एकत्र आल्यावर लोक बिचकणारच. पण मोतीबिंदू काढल्यावर आजोबांना पुन्हा दिसायला लागलं की ती बातमी गावोगाव जायची. पोटाच्या आणि डोळ्यांच्या शस्त्रक्रियांसाठी वॉन्लेस यांचं नाव झालं. मिरज रेल्वेचं जंक्शन असल्याने लांबचे पेशंटही येऊ लागले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांशीही त्यांचे चांगले संबंध होते.

पण एकटा सर्जन किती जणांना पुरणार?

म्हणून 1897 मध्ये त्यांनी मिरजेत मेडिकल स्कूल सुरू केलं. भारतातलं हे पहिलं मिशनरी मेडिकल स्कूल मानलं जातं. इथे भारतीय तरुणांना डॉक्टरकी शिकवली जायची. वॉन्लेस यांचं सगळ्यात मोठं काम कदाचित हेच. ऑपरेशनने एक माणूस बरा होतो, पण शिकवलेला डॉक्टर पुढे हजारोंना तपासतो.

दुसरं काम होतं कुणी जवळ करत नसलेल्या पेशंटचं. त्या काळी कुष्ठरोगावर खात्रीचं औषध नव्हतं. घरचेच लोक माणसाला बाहेर काढायचे. 1900 मध्ये त्यांच्यासाठी मिरजेत आश्रयस्थान झालं. 1920 मध्ये क्षयरोग्यांसाठी सॅनिटोरियम सुरू झालं. क्षयावरची औषधं यायला अजून दोन दशकं होती. मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार हाच उपचार. बरं होण्याची हमी नसली, तरी हक्काची खाट आणि विचारपूस करणारं माणूस मिळत होतं. सॅनिटोरियमचा तो परिसर म्हणजेच वानलेसवाडी.

या प्रवासात 1906 मध्ये मेरी गेल्या. कोल्हापूरचं मेरी वॉन्लेस हॉस्पिटल त्यांच्याच नावाने आहे. पत्नी गेल्यावरही वॉन्लेस यांनी मिरज सोडली नाही. ब्रिटिश सरकारने 1928 मध्ये त्यांना 'सर' केलं आणि त्याच वर्षी, जवळपास चाळीस वर्षांच्या सेवेनंतर, ते निवृत्त झाले. 1933 मध्ये कॅलिफोर्नियात त्यांचं निधन झालं.

पुढे 1962 मध्ये मिरजेत सरकारी मेडिकल कॉलेज आलं, खासगी हॉस्पिटल्स वाढली. तंतुवाद्यांसाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव दवाखान्यांचंही गाव झालं. वॉन्लेस हॉस्पिटल आजही मिरजेत उभं आहे.

पुढच्या वेळी वानलेसवाडीचा बोर्ड दिसला, तर शेजारच्या सीटवरच्याला ही गोष्ट नक्की सांगा.