सुताराचे घड्याळ : जॉन हॅरिसन

थोरांची चरित्रे म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे राजे, सेनापती, संत आणि पुढारी उभे राहतात. रंधा आणि पटाशी हातात घेऊन साऱ्या जगाच्या दर्यावर्दींना वाट दाखवणारा माणूस क्वचितच आठवतो. असा एक माणूस इंग्लंडात होऊन गेला. त्याचे नाव जॉन हॅरिसन. मी कला शाखेचा विद्यार्थी. यंत्रशास्त्राशी माझा संबंध नाही. तरीही या माणसाकडे मी वळलो, त्याला एक साधा वाद कारण झाला.

आमच्या जिमखान्यात चावी देण्याचे एक जुने स्टॉपवॉच आहे. ते सतत चालू ठेवावे म्हणजे आतले तेल गोठणार नाही, असे काही मित्रांचे म्हणणे. तर विनाकारण चालवल्यास चाके झिजतील, असे इतरांचे. मनगटी घड्याळातल्या क्रोनोग्राफविषयीही हाच प्रश्न पडतो. क्रोनोग्राफ म्हणजे घड्याळाच्याच पोटात बसवलेले स्टॉपवॉच. बटण दाबले की त्याची चाके मूळ यंत्राला जोडली जातात आणि त्याच एका कमानीच्या जोरावर त्याचाही काटा फिरू लागतो. एका बैलजोडीला दुसरे औत जोडावे, तसाच हा प्रकार. मग ते अखंड फिरते ठेवावे काय? याचे उत्तर शोधता शोधता मी हॅरिसनच्या चरित्रापर्यंत येऊन पोहोचलो.

हॅरिसनचा जन्म २४ मार्च १६९३ रोजी यॉर्कशायरमधील फाउल्बी या खेड्यात झाला. वडील सुतार. पुढे कुटुंब लिंकनशायरमधील बॅरो या गावी गेले. शाळेचा लाभ त्याला फारसा मिळाला नाही. एका धर्मोपदेशकाने त्याला केंब्रिजच्या सॉन्डरसन या गणितज्ञाच्या व्याख्यानांची हस्तलिखित वही वाचायला दिली. हॅरिसनने ती आकृत्यांसह हाताने उतरवून घेतली आणि जन्मभर जपली. ज्याच्या घरात पुस्तकाचे कपाट नसते, त्यालाच अशा उतरवून घेतलेल्या वहीचे मोल कळते. हे मी ऐकीव सांगत नाही.

१७१३ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने पहिले लंबकाचे घड्याळ केले. त्याची चाकेसुद्धा लाकडाची होती. त्या काळी घड्याळांचा मोठा शत्रू म्हणजे वंगण. तेव्हाचे तेल थंडीत घट्ट होई, उन्हाळ्यात पातळ होई आणि काही दिवसांनी चिकट होऊन यंत्र बंद पाडी. सुमारे १७२२ साली ब्रॉकल्सबी पार्क येथील घड्याळ करताना हॅरिसनने निराळीच युक्ती योजली. लिग्नम व्हिटी नावाचे उष्ण प्रदेशातील लाकूड अंगचेच तेलकट असते. घासणारे भाग त्याने त्या लाकडाचे केले. मग तेल घालण्याची गरजच उरली नाही. ते घड्याळ तीनशे वर्षांनंतरही चालते आहे.

त्याच सुमारास इंग्लंडपुढे मोठा प्रश्न होता. १७०७ साली सिली बेटांच्या खडकांवर इंग्रज आरमाराची चार जहाजे फुटली आणि चौदाशेहून अधिक माणसे बुडाली. समुद्रावर अक्षांश सूर्य-ताऱ्यांवरून कळे, पण रेखांश कळत नसे. १७१४ साली पार्लमेंटने कायदा करून रेखांश अर्ध्या अंशापर्यंत अचूक सांगणाऱ्यास २०,००० पौंडांचे बक्षीस जाहीर केले.

रेखांशाचे गणित वेळेचे आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे १ अंशाला ४ मिनिटे. आपले धारूर सुमारे ७६ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांची. म्हणून घड्याळात बारा वाजल्यानंतर सरासरी २५-२६ मिनिटांनी धारूरच्या किल्ल्यावर सूर्य मध्यान्ही येतो. जहाजावर मूळ बंदराची वेळ दाखवणारे घड्याळ असेल, तर हेच गणित उलट करून आपण कोठे आहोत ते सांगता येते. अडचण एवढीच की हेलकावे, उष्णता आणि खारी हवा सोसून अचूक चालणारे घड्याळ तेव्हा अस्तित्वातच नव्हते.

१७३० च्या सुमारास हॅरिसन लंडनला गेला. एडमंड हॅलीने त्याला नामांकित घड्याळजी जॉर्ज ग्रॅहॅमकडे पाठवले. ग्रॅहॅमने या खेडवळ सुताराचे म्हणणे ऐकून घेतले आणि त्याला पैसेही उसने दिले. १७३५ साली पहिले सागरी घड्याळ तयार झाले. त्याचे वजन सुमारे ३४ किलो. १७३६ मध्ये ते लिस्बनच्या सफरीवर गेले आणि परतताना जहाजाचे चुकलेले स्थान त्याने बरोबर दाखवले. १७३७ साली हॅरिसन रेखांश मंडळापुढे उभा राहिला. यश पदरात असताना त्याने आपल्याच यंत्राचे दोष सांगितले आणि दुसरे करण्यासाठी मदत मागितली. असा प्रामाणिकपणा विरळाच.

दुसरे घड्याळ झाले, पण तेही त्याच्या मनास उतरेना. तिसऱ्यावर त्याने १९ वर्षे घालवली. ही तिन्ही यंत्रे बिनतेलाची. अखेर १७५९ साली त्याने निराळीच वाट धरली आणि तळहातावर मावेल असे, सुमारे १३ सेंटिमीटर व्यासाचे चौथे घड्याळ केले. त्यात हिरे-माणकांचे बारीक भाग होते, त्याचे ठोके सेकंदाला पाच पडत; पण त्याला तेल मात्र लागे. १७६१-६२ च्या जमैकाच्या सफरीत त्याचा मुलगा विल्यम ते घेऊन गेला. ८१ दिवसांत घड्याळ केवळ ५ सेकंद मागे पडले.

तरीही बक्षीस हाती आले नाही. चंद्रावरून रेखांश काढणाऱ्या ज्योतिर्विदांना यंत्रावर भरवसा नव्हता. पुन्हा चाचणी, पुन्हा अटी. १७६५ नंतर निम्मी रक्कम मिळाली, तीही घड्याळाचे रहस्य उघड केल्यावर. त्याच्या घड्याळाची लार्कम केंडॉलने केलेली प्रतिकृती घेऊन कॅप्टन कुक १७७२ साली सफरीवर निघाला. शेवटी राजा तिसरा जॉर्ज याने लक्ष घातले आणि १७७३ साली पार्लमेंटने ८,७५० पौंड दिले. तेव्हा हॅरिसन ८० वर्षांचा होता. २४ मार्च १७७६ रोजी, जन्मतारखेलाच, त्याचे निधन झाले. पुढे जहाजांवरील घड्याळे जुळवून घेण्यासाठी बंदरोबंदरी अचूक वेळ लागू लागली. आपल्या मुंबईत १८२६ साली स्थापन झालेल्या कुलाबा वेधशाळेचे एक कामही वेळ राखण्याचेच होते.

आता मूळ प्रश्न. हॅरिसनची घड्याळे पुढे धूळ खात पडली होती. विसाव्या शतकात रूपर्ट गूल्ड याने ती पुन्हा दुरुस्त केली. आज ग्रिनिच येथे पहिली तीन घड्याळे चालू ठेवलेली असतात. चौथे मात्र मुद्दाम बंद ठेवतात. चौथ्याला तेल लागते, आणि चालवले तर ते झिजेल. एकाच कारागिराची चार यंत्रे, पण नियम दोन. यावरून मला असे वाटते की सतत चालावे की थांबावे, हे आतली घासण ठरवते. क्रोनोग्राफला तेल लागते आणि चालू असताना तो मूळ यंत्रावर भारही टाकतो. काही नव्या रचनांत हा भार कमी असतो, पण झीज टळत नाही. शिवाय सतत फिरवल्याने तेल ताजे राहत नाही. ते काळानेच जुने होते. म्हणून गरजेपुरते चालवावे, काम झाले की थांबवावे, आणि काही वर्षांनी घड्याळजीकडून साफ करून घ्यावे.

आमच्या भागातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीचे कोयते कारखान्यांकडे जातात. माझे आईवडीलही जातात. पहाटेच्या आधी फडात आणि रात्री गाडी भरेपर्यंत, असा त्यांचा दिवस. उचल फिटेपर्यंत थांबायचे नाही, असाच तो हिशेब असतो. माणसाचे गुडघे, कंबर आणि मनगटे लिग्नम व्हिटीची नसतात. ती चौथ्या घड्याळासारखी असतात; त्यांना तेल लागते, विसावा लागतो. काचेच्या कपाटातील यंत्र झिजू नये म्हणून जी काळजी शहाणी माणसे घेतात, ती जित्या माणसांच्या वाट्याला कधी येणार, हा प्रश्न घड्याळाच्या प्रश्नाहून मोठा आहे. तो आम्हा शिकणाऱ्या मुलांनाच सोडवावा लागेल.